अण्णांचे पायलट

दिवाळीच्या आधी आमच्या घरी फडताळ आवरायचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी ते आवरताना अगदी मागच्या बाजूला पितळेचा एक डबा हाती लागला. आत जुन्या पावत्या होत्या, आईच्या चष्म्याची एक काडी होती, आणि त्या सगळ्याखाली अण्णांचे घड्याळ होते. काळी तबकडी, तिच्यावर पांढरे ठसठशीत आकडे, रोज चावी द्यावी लागणारे साधे मनगटी घड्याळ. पट्टा केव्हाच कुजून गेला होता. तबकडीवर मात्र कंपनीचे नाव आणि घड्याळाचे नाव दोन्ही शाबूत होती. कंपनी एच. एम. टी., आणि घड्याळाचे नाव पायलट.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस. टी.मध्ये चालक म्हणून त्यांनी आयुष्य काढले. माझा जन्म झाला त्या साली पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी हे घड्याळ घेतले होते. मी चौथीत असताना या घड्याळापायी वर्गात माझी पुरती शोभा झाली होती. 'माझ्या वडिलांच्या हातावर वैमानिकाचं घड्याळ आहे,' असे मी मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मग तुझे वडील विमान चालवतात का लाल डबा?' सारा वर्ग हसला. मी रडत घरी गेलो. अण्णा तेव्हा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, 'नाव कंपनीनं घातलंय. आपण गाडी वेळेवर न्यायची.'

आता त्यांची ऐंशी उलटली आहे. मी घड्याळ पुसून त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि अचानक विचारले, 'हे खरंच वैमानिक वापरत होते का रे? तू लिहिणारा माणूस. शोधून काढ की.'

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक झालो, मग चित्रकलेची पदविका घेतली, आणि गेली वीस वर्षे मुलांना कमळ, फुलदाणी आणि निसर्गचित्र शिकवतो आहे. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत, पण कादंबरीत अडले की कल्पनेने वाट काढता येते, इथे ती सोय नव्हती. वडिलांनी घातलेले गणित टाळताही येईना. मग जुन्या जाहिराती, लिलावांच्या याद्या, कंपन्यांनी स्वतःविषयी लिहिलेले इतिहास, लष्करी घड्याळांची वर्णने, जे जे मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम मनगटाचीच गोष्ट सांगायला हवी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातला पुरुष घड्याळ खिशात ठेवी. साखळी ओढायची, झाकण उघडायचे, वेळ पाहायची आणि पुन्हा खिशात सारायचे. मनगटावर घड्याळ बांधणे हा बायकांचा दागिना समजला जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात, काही सैनिकांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटावर बांधली. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात लगाम असला की खिशात हात घालायला तिसरा हात आणायचा कुठून?

विमान चालवणाऱ्याची अडचण हीच होती. पॅरिसमध्ये त्या काळी आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ नावाचा एक हौशी गृहस्थ राहत असे. हा मूळचा ब्राझीलचा, कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी तो आपल्या वायुनौकेतून सँ-क्लू येथून निघाला आणि आयफेल मनोऱ्याला वळसा घालून परत आला. अट तीस मिनिटांची होती. रेषा त्याने वेळेत ओलांडली, पण नौका बांधून थांबवीपर्यंत मिनिटभर जास्त गेले. त्यावरून पंचांत वाद माजला. अखेर बक्षीस त्यालाच मिळाले, आणि ते पैसे त्याने पॅरिसच्या गरिबांत व आपल्या कारागिरांत वाटून टाकले.

गोष्ट अशी सांगतात की, त्या विजयाच्या मेजवानीत त्याने आपला मित्र लुई कार्तिए याच्यापाशी तक्रार केली : दोन्ही हात यंत्रावर असताना खिशातले घड्याळ बघू कसे? कार्तिए हा नामांकित जवाहिऱ्यांच्या घराण्यातला. त्याने मित्रासाठी चौकोनी तबकडीचे मनगटी घड्याळ करून दिले आणि जगातले पहिले वैमानिकाचे घड्याळ जन्माला आले. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती सातवीच्या वर्गात रंगवून सांगितली आणि फळ्यावर घड्याळाचे चित्रही काढले. सालेही लिहिली : मेजवानी १९०१, घड्याळ १९०४. तेव्हा एक मुलगी उभी राहून म्हणाली, 'सर, मग मधली तीन वर्षं त्यांनी वेळ कशी बघितली?'

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री माझ्या ध्यानात आले, की आपण इतिहास सांगत नव्हतो, विक्रेत्याने रचलेली गोष्ट सांगत होतो. मेजवानी ही सांगोवांगीची बाब. घड्याळ १९०४चे, हे कार्तिएची पेढी सांगते. पण १९११ साली 'सांतोस' या नावाने ते घड्याळ सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी दुकानात आले, ही पक्की गोष्ट आहे. तोवर सांतोस-द्युमाँचे नाव जगभर झाले होते. १९०६च्या नोव्हेंबरात त्याने विमानातून २२० मीटरचे उड्डाण केले होते आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली होती. १९११ साली विमान चालवणारी माणसे ती किती! ते घड्याळ घेतले ते पॅरिसमधल्या धनिकांनी. मनगटावर घड्याळ घालायला पुरुषांना जो संकोच वाटे, तो एका शूर वैमानिकाच्या नावाने दूर झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी आदल्या दिवशीची गोष्ट दुरुस्त केली.

हाच प्रकार लुई ब्लेरिओचा. २५ जुलै १९०९ रोजी तो काले गावाजवळून उडाला आणि सुमारे ३७ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला. जवळ होकायंत्रही नव्हते. पुढे १९१२ साली त्याने झेनिथ कंपनीच्या घड्याळाची तारीफ करणारे पत्र दिले, आणि कंपनीने ते आपल्या जाहिरातींत मिरवले. क्रिकेटपटूच्या नावावर आज साबण खपतो, त्याचे मूळ इतके जुने आहे.

मग १९१४चे महायुद्ध आले आणि मनगटी घड्याळाची थट्टा थांबली. खंदकातल्या शिपायाला आणि विमानातल्या वैमानिकाला अंधारात वेळ दिसायला हवी होती. त्यासाठी आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग लावू लागले. हा रंग रात्रभर स्वतःच्या तेजाने चमके. माझ्या शोधातला हा भाग मी वाचला तेव्हा घड्याळांविषयीची सारी हौस काही दिवस मावळली होती.

अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातल्या ऑरेंज या गावी तबकड्या रंगवण्याचा कारखाना होता. युद्धाच्या काळापासून तिथे तरुण मुली कामाला होत्या. आकडा बारीक, रेघ त्याहून बारीक. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, रंगात बुडवायचा आणि आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. रंग निर्धोक आहे, असे त्यांना सांगितले होते. काही वर्षांनी त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडे सडू लागली, कित्येक जणी दगावल्या. पाच जणींनी कारखान्यावर फिर्याद केली. १९२८ साली तडजोड झाली आणि प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख व वर्षाला सहाशे डॉलर ठरले. त्या पाच जणींच्या फिर्यादीनंतर कामगारांच्या सुरक्षिततेकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी बदलली. त्या वेळच्या घड्याळांवरचा रंग आज चमकत नाही, कारण त्यातले चमकणारे द्रव्य झिजले. रेडियम मात्र तिथेच आहे. त्याचा जोर निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात.

वाचकहो, मी चित्रकलेचा मास्तर. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, मी स्वतःही लहानपणी तेच केले आहे. 'तोंडात घालू नका' असे मी वीस वर्षे नुसते ओरडत आलो. आता मी त्यांना ऑरेंज गावच्या मुलींची हकीकत सांगतो आणि ओरडावे लागत नाही.

पुढचा प्रश्न असा : वैमानिकाला घड्याळ लागते ते केवळ किती वाजले ते पाहायला का? नाही. घड्याळावरून आपण कुठे आहोत ते कळते. हे मला समजले ते मुंबईमुळे. पूर्वी मुंबईची वेळ निराळी होती. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १९०६ साली साऱ्या देशासाठी साडेपाच तासांची एक वेळ ठरली, तरी मुंबईत 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होता. हा हट्ट निव्वळ हट्ट नव्हता, त्यामागे सूर्य होता. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. ४ तास ५१ मिनिटे म्हणजे २९१ मिनिटे. त्यांना चाराने भागले की पावणेत्र्याहत्तर येतात, आणि मुंबईचे रेखांश जवळजवळ तितकेच आहेत! म्हणजे सूर्य वा तारे पाहून इथली वेळ काढता आली आणि हातातले घड्याळ ग्रीनिचची वेळ दाखवत असले, तर त्या दोन वेळांतल्या फरकावरून पूर्व-पश्चिम जागा कळते.

समुद्रावरून उडणाऱ्याला ना रस्ता, ना मैलाचा दगड. तिथे हेच गणित उपयोगी पडे. पण घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जागा एक सागरी मैल, म्हणजे पावणेदोन किलोमीटरांहून अधिक चुकते. अर्धा मिनिट चुकले तर सुमारे चौदा किलोमीटर. एखादे लहान बेट तेवढ्याने हुकते, आणि टाकीतले इंधन काही वाट पाहत नाही.

अमेरिकी नौदलातला फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स या अधिकाऱ्याने यावर उपाय काढला. रेडिओवरून वेळेचे ठोके मिळत, पण त्यांच्याशी सेकंदकाटा जुळवायचा तर तो चालत्या घड्याळात थांबवता येईना. वीम्सने सांगितले, काटा हलत नाही तर तबकडी हलवा. मधली सेकंदांची तबकडीच त्याने फिरती केली. ठोका पडला की ती फिरवून काट्याखाली आणायची. १९२७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने, सलग साडेतेहतीस तास उडून गेलेला चार्ल्स लिंडबर्ग पुढच्या वर्षी या वीम्सकडे ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकला. जगाने डोक्यावर घेतलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, हे मला फार आवडले. मग लिंडबर्गने स्वतः एक घड्याळ आखले, ज्यात वेळेचे थेट अंश वाचता येत. लाँजिन कंपनीने १९३०च्या दशकात ही दोन्ही घड्याळे बनवली आणि विकलीही. खऱ्या वैमानिकी गरजेतून जन्मलेली आणि दुकानातही मिळणारी अशी ही घड्याळे.

दुसऱ्या महायुद्धात मात्र खरे वैमानिकाचे घड्याळ दुकानातून गेले आणि सरकारी कोठारात शिरले. जर्मन हवाई दलाच्या दिशादर्शकाचे घड्याळ ५५ मिलिमीटर रुंद, म्हणजे लहानशा वाटीच्या तोंडाएवढे असे. लांब पट्ट्याने ते चामडी कोटाच्या बाहीवरून बांधत. हातमोजे घालूनही फिरवता यावी म्हणून चावीची कळ कांद्यासारखी मोठी. लांगे, व्हेम्पे, लाको, स्टोव्हा आणि आय. डब्ल्यू. सी. अशा पाच ठिकाणी ती बनली. अमेरिकेत एल्जिन, वॉल्थॅम आणि बुलोव्हा या कंपन्यांनी ए-११ नावाचे घड्याळ पुरवले. त्याची कळ ओढली की सेकंदकाटा थांबे, त्यामुळे साऱ्या तुकडीची घड्याळे एका क्षणी जुळवता येत. ब्रिटिश हवाई दलाने युद्धानंतर मार्क ११ हे घड्याळ घेतले. चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून त्याच्या पोटात मऊ लोखंडाची दुसरी डबी होती, आणि त्याची पारख ग्रीनिच वेधशाळेच्या हर्स्टमॉन्सो येथील तज्ज्ञांकडून होई. १९४९च्या सुमारास ते सेवेत आले आणि १९८१ पर्यंत टिकले.

ब्रिटिश घड्याळांवर एक बाण कोरलेला असे. त्याचा अर्थ, ही वस्तू सरकारची. घालणाऱ्याची नव्हे. घड्याळ कामासाठी मिळे आणि काम संपले की परत जाई. म्हणजे ज्या घड्याळावर वैमानिकाचा जीव अवलंबून होता ते त्याच्या मालकीचे नव्हते, आणि ज्याच्या मालकीचे 'वैमानिकाचे घड्याळ' होते तो बहुधा कधी उडालेला नव्हता. निरुपयोगी ठरलेली सरकारी घड्याळे पुढे बाजारात आली, तेव्हा कुठे ती हौशी माणसांच्या हातावर गेली. आज त्यांना मोठी किंमत येते आणि बाणाची खूण नव्याने कोरून देणारेही निघाले आहेत.

राहिले आपल्याकडचे. भारत सरकारच्या एच. एम. टी. कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि १९६१ साली पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. ज्या देशात घड्याळ म्हणजे परदेशी चीज, तिथे मास्तर, कारकून, शेतकरी यांच्या मनगटावर देशी घड्याळ आले. 'जनता' आले, 'पायलट' आले. २०१६ साली सरकारने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

आमच्या तालुक्याच्या घड्याळजीने भिंग डोळ्याला लावून अण्णांच्या घड्याळाचे झाकण उघडले. मी वाकून पाहिले. बाण नव्हता, कुठलीही सरकारी खूण नव्हती. तो म्हणाला, 'तेल सुकलंय सर. बाकी मशीन ठणठणीत.'

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दुरुस्त झालेले घड्याळ आणि माझी वही घेऊन अण्णांपुढे बसलो. सांतोस-द्युमाँपासून मार्क ११ पर्यंत सारे सांगितले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, 'त्या पोरींना पैसे मिळाले का शेवटी?'

'मिळाले. पण उशिरा.'

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे आपलं घड्याळ विमानात बसलेलंच नाही.'

'नाही, अण्णा. दुकानात विकायला केलेलं. नाव तेवढं वैमानिकाचं.'

मला वाटले त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी घाईघाईने जे. आर. डी. टाटांची गोष्ट काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून लहानशा विमानातून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. देशी हवाई वाहतुकीची ती सुरुवात. 'तुमच्या गाडीतही टपालाची थैली असायची की,' मी म्हणालो.

अण्णा हसले. 'मला समजूत नको घालूस. नाव नुसतं आहे हे मला घेतानाच ठाऊक होतं. शेजारी 'जनता' ठेवलेलं होतं. दुकानदार म्हणाला, मशीन चांगलं दोन्हींचं. पण मी हेच घेतलं.'

'का?'

त्यांनी जरा थांबून सांगितले, 'ड्रायव्हरला त्या वेळी अहो-जाहो कोण करत होतं? ए ड्रायव्हर, थांब. ए ड्रायव्हर, चल. रात्रीच्या मुक्कामी गाडी लावून एकटा बसलो की हातावर बघायचो. त्यावर लिहिलेलं असायचं. बरं वाटायचं.'

चाळीस वर्षांपूर्वी मी वर्गातून रडत आलो त्या दिवशी हे त्यांनी मला सांगितले नव्हते. तेव्हा मला ते कळलेही नसते. पॅरिसच्या दुकानात 'सांतोस' विकत घेणाऱ्या शेटसावकारांना मी वहीत थोडा हसलो होतो. ती ओळ मी नंतर खोडून टाकली.

पाडव्याला सकाळी मी उठलो तेव्हा अण्णा ओसरीवर आंघोळ करून बसले होते. नवा पट्टा त्यांच्या बारीक झालेल्या मनगटाला सैल होत होता. समोर रेडिओ लागला होता. त्यांनी घड्याळाची कळ ओढून काटे सातवर आणून ठेवले होते आणि अंगठा कळीवर ठेवून ते सातच्या ठोक्याची वाट पाहत होते.